बायपास केली तर मी दिलेली किडनी जाईल का?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश असा: नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या पतींना किडनी दिली. पती आज ५८ वर्षांचे आहेत, मधुमेह जुना आहे. किडनी व्यवस्थित चालली आहे, क्रिएटिनिन (रक्तातला घटक; किडनीचं काम मंदावलं की वाढतो) १.६ च्या आसपास असतं. काही महिन्यांपासून जिना चढताना छातीवर दडपण येतं, थांबलं की जातं. अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे निघाले. हृदयाचं पंपिंग ४५ टक्के. त्या तपासणीनंतर क्रिएटिनिन १.९ वर गेलं, पुढच्या आठवड्यात परत खाली आलं, पण घर तेवढ्यानं हादरलं. कार्डिओलॉजिस्ट बायपास करा म्हणतात. नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीतज्ज्ञ, म्हणतात, ‘करा, पण किडनीची खात्री मी देऊ शकत नाही.’ दिरांचं मत, स्टेंट टाकून मोकळे व्हा. आणि पतींचं एकच पालुपद: ‘हिनं दिलेली किडनी मी ऑपरेशनच्या टेबलावर घालवणार नाही. जे व्हायचं ते होऊ दे.’ ताई विचारतात, ‘हृदय वाचवायचं की किडनी? आणि मी आग्रह धरला आणि किडनी गेली, तर मी कुणाला तोंड दाखवू?’

ताई,

ऑपरेशन केलं नाही तर किडनी शाबूत राहील, असं तुमच्या घरात सगळेच धरून चालले आहेत. पती, दीर, आणि पत्र वाचताना वाटलं, तुम्हीसुद्धा. तुमची निम्मी घालमेल या एका समजुतीतून आली आहे, म्हणून आधी तिच्याकडेच बघू.

किडनीला रक्त लागतं, आणि भरपूर लागतं. स्वस्थ बसलेल्या माणसाचं हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्यातला साधारण पाचवा हिस्सा किडन्यांकडे जातो. पंपिंग घसरलं की त्याची झळ किडनीला लवकर लागते. तुमच्या पतींचं पंपिंग ४५ आहे. फार वाईट नाही, पण निर्धास्त राहावं इतकं चांगलंही नाही. उद्या याच अडथळ्यांपायी मोठा अटॅक आला तर काय होतं ते बघा. रक्तदाब तासन्‌तास खाली राहतो. रात्री-अपरात्री अँजिओग्राफी होते, तीही आधी सलाइन देऊन, काही औषधं थांबवून किडनीची तयारी करायला वेळ न मिळता. कदाचित त्याच धावपळीत इमर्जन्सी बायपास. ठरवून केलेल्या बायपासपेक्षा अशा ऑपरेशनचा धोका कितीतरी जास्त असतो, जिवालाही आणि किडनीलाही. म्हणून बायपासच्या धोक्याची तुलना शून्य धोक्याशी करून चालत नाही. बायपास न करता घरी बसण्याच्या धोक्याशी करावी लागते.

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्या रुग्णांत, नवी किडनी चालू असताना माणूस दगावतो, त्या कारणांच्या यादीत हृदयविकार अगदी वर आहे. त्यात पतींचा किंवा तुमचा काही दोष नाही. जुना मधुमेह, ट्रान्सप्लांटच्या आधीची किडनीविकाराची वर्षं, त्या काळात रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचलेलं कॅल्शियम, हे सगळं सोबत आलेलंच असतं. त्यात किडनी टिकवणारी औषधंही भर घालतात. टॅक्रोलिमसनं रक्तदाब आणि साखर वाढू शकते, स्टेरॉइडनं साखर आणि कोलेस्टेरॉल. किडनी जपायची किंमत थोडी थोडी हृदय मोजत असतं.

आता मूळ प्रश्न. ट्रान्सप्लांट झालेल्यांची हृदयाची ऑपरेशनं कशी पार पडतात?

पहिली गोष्ट, तुमचे पती कुणाच्या प्रयोगाचा भाग होणार नाहीत. पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण १९५४ मध्ये बोस्टनला झालं. पुढे औषधं सुधारली, लोक नव्या किडनीवर वर्षानुवर्षं जगू लागले, आणि साहजिकच त्यांना हृदयविकारही होऊ लागले. या रुग्णांवर बायपास आणि झडपांची ऑपरेशनं गेली कित्येक दशकं होत आहेत. तो अनुभव बहुतांशी मोठमोठ्या नोंदींतून आणि जुने कागद तपासून केलेल्या अभ्यासांतून आलेला आहे, पण त्यातून निघणारं चित्र बरंच स्पष्ट आहे. ज्यांच्या स्वतःच्या किडन्या ठणठणीत आहेत त्यांच्यापेक्षा या रुग्णांना धोका जास्त: मृत्यूचा, जंतुसंसर्गाचा, किडनी बिघडण्याचा, हॉस्पिटलातला मुक्काम लांबण्याचा. डायलिसिसवर असलेल्यांपेक्षा मात्र तो कमी. या दोन टोकांमध्ये तुमचा माणूस नेमका कुठे बसतो, हे नुसतं ‘ट्रान्सप्लांट झालंय’ एवढ्यावरून कळत नाही. किडनी आज किती काम करते, पंपिंग किती आहे, साखर कशी आहे आणि ऑपरेशन ठरवून होतंय की घाईत, यावर ते ठरतं. या चारपैकी शेवटची गोष्ट आज तुमच्या हातात आहे. नेहमीच राहील असं नाही.

१.६ क्रिएटिनिन म्हणजे त्यांच्या वयाच्या पुरुषात ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, साधारण ५०. नऊ वर्षं वापरलेल्या किडनीसाठी हा आकडा बरा म्हणायला हवा. सर्जन बहुधा ‘युरोस्कोर-२’ नावाच्या मोजणीनं धोक्याचा टक्का काढतील. तिच्यात वय, पंपिंग, किडनीचा क्लिअरन्स, इन्सुलिनवरचा मधुमेह, ऑपरेशन किती तातडीचं आहे, असे रकाने असतात. ट्रान्सप्लांटचा वेगळा रकाना मात्र नाही. त्यामुळे हाती आलेला आकडा ऐकून घ्या आणि पुढे विचारा, ‘डॉक्टर, यात ट्रान्सप्लांट आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं धरलेली नाहीत. ती धरली तर तुमचा स्वतःचा अंदाज काय?’ अनुभवी सर्जनला या प्रश्नाचा राग येत नाही. आलाच, तर दुसऱ्या सर्जनचं मत घ्यायला ते पुरेसं कारण आहे.

‘किडनी जाणं’ म्हणजे नक्की काय, हेही घरात सुटं करून बोला. हृदयाच्या ऑपरेशननंतर क्रिएटिनिन वर जाणं फार नेहमीचं आहे. सगळ्या रुग्णांचा विचार केला तरी तीसेक टक्क्यांपर्यंत लोकांत ते कमी-अधिक प्रमाणात होतं, आणि त्यातल्या बहुतेकांत काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतं. थोड्यांना तात्पुरतं डायलिसिस लागतं. त्यातल्याही सगळ्यांना ते कायमचं लागत नाही. ट्रान्सप्लांट झालेल्यांत या प्रत्येक पायरीची शक्यता वाढते, हे खरं. पण पायऱ्या तीन आहेत, आणि तुमच्या घरात पहिल्या पायरीचं नाव काढलं की लोक थेट तिसरीवर जाऊन बसतात. अँजिओग्राफीनंतर क्रिएटिनिन १.९ वर गेलं आणि परत आलं, तो पहिल्या पायरीचाच नमुना होता. त्यातून मला उलटी गोष्ट दिसते: धक्का बसल्यावर सावरण्याची ताकद या किडनीत आहे. एक मात्र पक्कं करा. तपासणीच्या डायचा (रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचतात त्या द्रवाचा) परिणाम पूर्ण ओसरून क्रिएटिनिन नेहमीच्या आकड्यावर स्थिर झालंय, हे बघितल्याशिवाय ठरवून करायच्या ऑपरेशनची तारीख घेऊ नका.

धडधडणाऱ्या हृदयावर, मशीनशिवाय बायपास करून घेतली तर किडनी वाचते, असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. हार्ट-लंग मशीनवर रक्ताचा प्रवाह आणि दाब बदलतो, रक्तपेशींवर ताण येतो, शरीरात दाह वाढतो, म्हणून ही आशा वाटणं साहजिक आहे. ‘कॉरोनरी’ नावाच्या मोठ्या चाचणीत मशीनशिवाय केलेल्या ऑपरेशननंतर किडनीला होणारी सुरुवातीची इजा थोडी कमी दिसली. वर्षभरानं किडनीच्या कामात मात्र फरक उरला नव्हता. त्या चाचणीतले रुग्ण तुमच्या पतींसारखे नव्हते, तरी माझा सल्ला असा की पद्धत सर्जनवर सोडा. त्यांचा हात ज्या पद्धतीत बसलाय, ती त्यांना करू द्या. तुम्ही आग्रह धरायचाच असेल तर ऑपरेशनमध्ये आणि नंतरच्या दोन दिवसांत रक्तदाब किती ठेवणार, लघवीवर आणि पाण्याच्या हिशोबावर कोण लक्ष ठेवणार, याबद्दल धरा.

दिरांच्या स्टेंटकडे येऊ. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. स्टेंटमध्ये छाती उघडावी लागत नाही, पहिल्या काही दिवसांचा धोका कमी असतो, आणि वय जास्त असलं किंवा प्रकृती तोळामासा असली तर तो पर्याय शहाणपणाचाही ठरतो. पण तीन वाहिन्यांसाठी स्टेंट म्हणजे पुन्हा डाय, कदाचित दोन टप्प्यांत, आणि पुढे अडथळा परत आला तर आणखी एकदा. मधुमेह आणि एकाहून जास्त वाहिन्यांत अडथळे असलेल्या १९०० रुग्णांवरची ‘फ्रीडम’ ही चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात पाच वर्षांनी मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात यांपैकी काहीतरी झालेल्यांचं प्रमाण स्टेंटच्या गटात २६.६ टक्के होतं, बायपासच्या गटात १८.७. पक्षाघात मात्र बायपासमध्ये जास्त झाले, तेही लपवण्याचं कारण नाही. किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांसाठी हा निकाल जसाच्या तसा लागू होतो असं मी म्हणणार नाही. पण मधुमेह अधिक तिन्ही वाहिन्या अधिक किंचित घसरलेलं पंपिंग, अशा माणसाला कार्डिओलॉजिस्ट बायपास का सुचवतात, हे त्यातून कळतं. स्टेंटचा विचार करायचाच असेल तर विचारा: तिन्ही वाहिन्या पूर्ण मोकळ्या होतील का, किती डाय लागेल, आणि किती टप्प्यांत?

तिसरा पर्याय कुणी तुमच्यासमोर नीट मांडलेला दिसत नाही: नुसती औषधं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ चाचणीत, ज्यांचं दुखणं स्थिर होतं अशा ५१७९ रुग्णांत, सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास केल्यानं एकूण मृत्यू कमी झाले नाहीत. छातीचं दुखणं मात्र जास्त चांगलं थांबलं. तिच्याच जोडीची चाचणी किडनी फारच मंदावलेल्या किंवा डायलिसिसवरच्या ७७७ रुग्णांवर झाली, तिच्यातही घाई करून फायदा दिसला नाही. म्हणजे ‘औषधांवर राहू’ म्हणणारा माणूस अडाणी ठरत नाही. पण या चाचण्यांत पंपिंग ३५ च्या खाली असलेले किंवा औषधं घेऊनही ज्यांचं दुखणं सोसण्यापलीकडे गेलंय असे लोक घेतलेच नव्हते, आणि ज्यांच्यावर काही केलं गेलं त्यातल्या बहुतेकांना स्टेंट बसले होते. तुमच्या पतींचं दुखणं वाढतंय का, हा इथे निर्णायक प्रश्न आहे. दोन महिन्यांपूर्वी दोन मजले चढल्यावर दुखायचं आणि आता एका मजल्यावर दुखतं, बसल्या जागी किंवा झोपेत दुखायला लागलं, तर ते दुखणं स्थिर राहिलेलं नाही. मग चर्चेला फार वेळ देऊ नका. बसल्या जागी दुखू लागलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

या सगळ्यावरून माझं मत विचाराल तर, तुम्ही दिलेल्या माहितीवर मी ठरवून, तयारीनं केलेल्या बायपासच्या बाजूनं झुकेन. शेवटचा शब्द अर्थात त्यांना तपासणाऱ्यांचा.

तुमचे दोन डॉक्टर एकमेकांच्या विरुद्ध बोलताहेत असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. कार्डिओलॉजिस्ट सांगताहेत काय करावं, नेफ्रोलॉजिस्ट सांगताहेत काय होऊ शकतं. ‘खात्री देऊ शकत नाही’ हे कुठलाही प्रामाणिक डॉक्टर कुठल्याही ऑपरेशनबद्दल म्हणेल. अडचण वेगळीच आहे: दोघं तुमच्यामार्फत बोलताहेत. निरोप पोचवणाऱ्याच्या हातून अर्धा निरोप सांडतोच. सर्जन, कार्डिओलॉजिस्ट, नेफ्रोलॉजिस्ट आणि भूलतज्ज्ञ यांनी एकत्र बसून किंवा निदान एका फोनवर बोलून ठरवावं आणि ते फाइलमध्ये लिहावं, असं स्पष्ट मागा. बायपास जिथे होणार तिथे नेफ्रोलॉजिस्ट रोज राउंडला येतील का, हेही विचारा. शक्य असेल तर हृदयाचं ऑपरेशन आणि किडनी ट्रान्सप्लांट ही दोन्ही कामं जिथे नेहमी होतात, असं ठिकाण निवडा.

त्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा: आयसीयूत टॅक्रोलिमसचा डोस कोण ठरवणार? सर्जनचा सहायक की नेफ्रोलॉजिस्ट? एकच नाव हवं.

हे एवढं ताणून सांगण्याचं कारण आहे. रिजेक्शन, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारणं, टाळायचं तर ही औषधं ऑपरेशनच्या काळातही चालू राहावी लागतात. तोंडानं घेता येत नसतील तेव्हा नाकातल्या नळीतून किंवा शिरेतून द्यावी लागतात, आणि शिरेतला डोस तोंडाच्या डोसपेक्षा बराच कमी असतो. टॅक्रोलिमसची लेव्हल सकाळची गोळी देण्याआधी घेतलेल्या रक्तात मोजायची असते. होतं असं की रात्रपाळीची नर्स पहाटे औषधं देऊन टाकते, रक्त घेणारा तासाभरानं येतो, रिपोर्टात लेव्हल भलतीच जास्त दिसते आणि कुणीतरी डोस निम्मा करून टाकतं. कुणाच्या वाइटावर कुणी नसतं, पण चार दिवसांनी खरी लेव्हल तळाला गेलेली असते. तुम्ही नऊ वर्षं या गोळ्या मोजता आहात. ‘रक्त घेतलं का? मग गोळी’ एवढं एक वाक्य रोज सकाळी विचारायला तिथे तुमच्याइतकं योग्य माणूस नाही. आयसीयूत आत सोडत नसतील तर हे वाक्य कागदावर लिहून त्यांच्या चार्टला लावायला सांगा. दिवसातून एकदा घ्यायची आणि दोनदा घ्यायची टॅक्रोलिमस या वेगळ्या गोळ्या आहेत, त्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून घरातलं पाकीटच सोबत न्या.

पुढचा खड्डा हृदयाच्या औषधांचा. बायपासनंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयाचे ठोके अनियमित होणं फार कॉमन आहे, साधारण तीनातल्या एकाला होतं. त्यावर अमिओडॅरोन किंवा डिल्टियाझेम दिलं जातं. दोन्हींनी टॅक्रोलिमसची लेव्हल चढते, आणि चढलेली लेव्हल किडनीलाच त्रास देते. काही अँटिबायोटिक आणि बुरशीवरची औषधं हेच करतात. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोल ही दोन नावं लक्षात ठेवा. अँटिबायोटिकनं जुलाब लागले तरी लेव्हल वर जाऊ शकते. याचा अर्थ ही औषधं द्यायचीच नाहीत असा नाही. नवं औषध सुरू झालं किंवा बंद झालं की लेव्हल पुन्हा बघायची, एवढाच. घरी आल्यावरही हे लागू आहे, कारण अमिओडॅरोनचा अंमल ते बंद केल्यावर कित्येक आठवडे टिकतो.

दुखण्यासाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, किटोरोलॅक या जातीची पेनकिलर नकोत. ते फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून घ्या. पतींच्या मधुमेहाच्या गोळ्यांत डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवावी लागते; ती गोळी ‘हृदयासाठी आणि किडनीसाठी चांगली’ म्हणून दिलेली असते, आणि म्हणूनच सांगायची राहून जाते.

पतींच्या हातात डायलिसिसच्या वेळचा फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) अजून चालू आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर सर्जनला आवर्जून दाखवा. बायपाससाठी सर्वांत टिकाऊ ठरणारी रक्तवाहिनी छातीच्या आत डाव्या बाजूला असते, आणि ती डाव्या हाताकडे जाणाऱ्या मुख्य वाहिनीतूनच फुटते. फिस्टुला डाव्या हातात जोरात चालत असेल तर तो हृदयाकडे जाणारं रक्त हाताकडे ओढून घेऊ शकतो. मग काय करायचं, याची उत्तरं सर्जनकडे आहेत, पण प्रश्न आधी माहीत हवा. दुसरीकडे, तात्पुरतं डायलिसिस लागलंच तर तोच फिस्टुला कामी येतो, म्हणून घाईनं बंदही करायचा नसतो. त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही आणि सुई टोचू द्यायची नाही, हे तर तुम्हाला पाठच असेल.

अशीच गोष्ट मांडीची. दिलेली किडनी ओटीपोटात एका बाजूला असते आणि पायाकडे जाणाऱ्या मोठ्या वाहिनीला जोडलेली असते. मांडीतून काही नळी किंवा हृदयाला आधार देणारा फुगा घालायची वेळ आली तर शक्यतो दुसरी बाजू वापरायची. किडनी उजवीकडे आहे की डावीकडे, हे फाइलवर ठळक असू द्या. ट्रान्सप्लांटची टीम हे विसरत नाही, पण रात्री दोन वाजता ड्यूटीवर असलेल्या माणसाला माहीत असेलच असं नाही.

जंतुसंसर्गाबद्दल थोडक्यात: स्टेरॉइड आणि मायकोफेनोलेट या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असलेल्या मधुमेही माणसाची छातीची आणि पायाची जखम उशिरा भरते, आणि ताप न येताही आत बिघडू शकतं. ऑपरेशनआधी दात, त्वचा आणि लघवी तपासून घ्या, साखर आतापासूनच ताब्यात आणा, लघवीची नळी लवकर काढायला सांगा. रक्त द्यावं लागलं तर पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मागा; गरज नसताना रक्त देणं टाळलं तर शरीरात परक्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी तयार होण्याची शक्यता कमी राहते.

ज्या वाचकांची परिस्थिती थोडी वेगळी आहे त्यांच्यासाठी दोन-तीन गोष्टी. ट्रान्सप्लांटला अजून वर्ष झालं नसेल तर औषधांचे डोस चढे असतात आणि संसर्गाचा धोकाही. थांबता येण्यासारखं असेल तर थांबण्याचा विचार होतो. कुणी सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांवर असेल तर त्यांनी जखम भरणं लांबतं, म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनच्या काही आठवडे आधी ती बदलायची का, हे नेफ्रोलॉजिस्टला विचारा. झडपेचं दुखणं असेल, आणि ती अरुंद झालेली महाधमनीची झडप असेल, तर छाती न उघडता नळीतून झडप बसवण्याचा पर्याय २००२ पासून आहे. ट्रान्सप्लांट झालेल्या, विशेषतः वयस्क रुग्णांनी त्याबद्दल जरूर विचारावं.

आता किडनी देणाऱ्या तुमच्याबद्दल. ‘तिची किडनी’ हे पतींच्या तोंडी येतं त्यात प्रेम आहे, मला शंका नाही. पण मला वाटतं त्यामागे थोडी भीतीही लपली आहे. छाती कापून घ्यायची भीती वाटते असं म्हणणं त्यांच्या वयाच्या पुरुषाला जड जातं. बायकोच्या किडनीसाठी नको म्हणणं सोपं. एकदा दोघंच असताना विचारून बघा, ‘माझ्या किडनीचं बाजूला ठेवा. तुम्हाला स्वतःला कशाची भीती वाटते?’ उत्तर कदाचित भुलेचं असेल, कदाचित परत डायलिसिसच्या खुर्चीवर बसण्याचं. डायलिसिसचं असेल तर त्याबद्दल मोकळेपणानं बोला, कारण तो अनुभव त्यांनी घेतलाय, तुम्ही बाहेरून पाहिलाय.

आणि तुम्ही किडनी दिलीत ती त्यांना जगता यावं म्हणून. नऊ वर्षं तिनं ते काम चोख केलंय. उद्या ऑपरेशनमध्ये तिला धक्का बसला तर ती नऊ वर्षं परत घेतली जात नाहीत. तोंड दाखवायचा प्रश्न कुठे येतो? आग्रह धरू नका, माहिती समोर ठेवा. सही त्यांची आहे. तुमच्यावर निर्णयाचं खापर फुटू नये यासाठी मुलांना किंवा दिरांना त्या डॉक्टरांच्या बैठकीला सोबत न्या, म्हणजे सगळ्यांनी तेच ऐकलेलं असेल. शिवाय तुमचं स्वतःचं क्रिएटिनिन, रक्तदाब आणि लघवीतलं प्रोटीन शेवटचं कधी तपासलं? दात्यानं हे दरवर्षी करायचं असतं, आणि पुढचे दोन महिने रात्री जागणारं माणूस तुम्हीच असणार.

एवढं सगळं ऐकूनही ते नाही म्हणाले तर? तो त्यांचा हक्क आहे, आणि मग औषधांचा मार्ग अर्धवट न घेता पूर्ण घ्या. ॲस्पिरिन, स्टॅटिन, बीटा ब्लॉकर, रक्तदाब आणि साखर यांचं पथ्य, सगळं नेफ्रोलॉजिस्टला दाखवून. सायक्लोस्पोरिन या किडनी टिकवणाऱ्या औषधावर असलेल्यांना स्टॅटिनचे काही प्रकार चालत नाहीत, काहींचे डोस फार कमी ठेवावे लागतात. जिभेखाली ठेवायची गोळी खिशात असू द्या. आणि ‘नको’ म्हणून विषय बंद करण्याऐवजी डॉक्टरांसोबत दोन गोष्टी लिहून ठेवा: पंपिंग पुन्हा कधी मोजायचं, आणि काय झालं तर हा निर्णय परत उघडायचा. माझ्या मते पहिली तारीख तीन महिन्यांच्या पुढे जाऊ नये.